शिशाच्या चौदा चकत्या

“सगळं शिसं तूच का घेतोस?”

एवढंच तर विचारायचं होतं. मोजून पाच शब्द. पण ते घशातून बाहेर यायला ठिणगीला चांगली पाच मिनिटं लागली, आणि तेवढ्या वेळात तिने संग्रहालयाच्या दालनातली फुटकी मातीची भांडी इतक्या मन लावून पाहिली, की भांडीच लाजली असतील.

पैज रेडिओने लावली होती. रेडिओ म्हणजे ठिणगीची मैत्रीण. ती झोपेतही बोलते, म्हणून हे नाव. दुसरी गोगलगाय. तिला दुपारी विनोद सांगितला तर ती संध्याकाळी हसते. विचारलं नाही, तर दोघींची दप्तरं आठवडाभर ठिणगीने वाहायची, असं ठरलं होतं. आणि रेडिओचं दप्तर उचलण्यापेक्षा एका मुलाशी बोलणं हलकं, असा हिशेब करून ठिणगी शेवटी त्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

त्याने मान वर केली. लांबट चेहरा, कपाळावर येणारे केस, आणि डोळे असे की... जाऊ दे. डोळ्यांचं नंतर.

“काय म्हणालीस?”

म्हणजे पुन्हा विचारायचं. ठिणगीने खांबाकडे एक जळजळीत नजर टाकली. खांबाआडून चार डोळे तिच्याकडे पाहत होते.

“म्हटलं, सगळं शिसं तूच का घेतोस?”

प्रश्न वाटतो तितका वेडा नव्हता. दर शनिवारी दुपारी संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर शाळा-कॉलेजांमधली मुलं जमायची आणि ‘बंदरं आणि नगरं’ नावाचा खेळ खेळायची. तो संग्रहालयाच्या बाईंनीच तयार केला होता. मध्ये निळा रंगवलेला समुद्र, काठाने चार प्राचीन नगरं, प्रत्येक नगराचा एक खेळाडू. धान्य, लाकूड, दगड, तांबं आणि शिसं यांच्या लाकडी चकत्या एकमेकांना द्यायच्या-घ्यायच्या, आधी लहान बांधकामं करायची, मग ती पाडून मोठी, आणि ज्याच्या नगरात अशी पाच मोठी बांधकामं आधी उभी राहतील तो जिंकला. तांब्यासाठी मारामारी व्हायची. धान्यासाठी रुसवेफुगवे व्हायचे. शिसं थोडंच लागायचं आणि मागेल तेव्हा मिळायचं, म्हणून ते मात्र सगळे पहिल्याच फेरीत झटकून टाकायचे. आणि टाकलेलं प्रत्येक शिसं हा मुलगा शांतपणे आपल्यापुढे ओढून घ्यायचा, करड्या चकत्यांचा मनोरा रचायचा आणि न चुकता तिसरा यायचा. त्याचं खरं नाव काय, हे मुलींना ठाऊक नव्हतं. त्या त्याला शिसेराव म्हणायच्या.

शिसेराव विचारात पडला. हातातली चकती बोटांवर फिरवत म्हणाला, “कारण ते कुणालाच नको असतं.”

“म्हणून?”

“म्हणून... बिचारं वाटतं.”

आता खरं तर ठिणगीने “अच्छा” म्हणून परत फिरायला हवं होतं. पैज जिंकली होती. पण तो शब्द तिच्या डोक्यात गेला.

“बिचारं?” तिने समोरची खुर्ची ओढली आणि बसलीच. “शिसं बिचारं? अरे, जुन्या काळी जहाजाच्या तळाला लाकडावर पत्रा ठोकायचे, तो कशाचा? दगडात दगड अडकवायला लोखंडाची कडी घालायचे आणि वरून काहीतरी वितळवून ओतायचे, ते काय? नगरातून पाणी फिरवायला नळ कशाचे केले लोकांनी? चांदी ज्या दगडातून काढायचे, त्यात सगळ्यात जास्त काय असायचं? आणि तू त्याला बिचारं म्हणतोस.”

तो तिच्याकडे पाहतच राहिला. त्याचे डोळे (हां, आता डोळ्यांचं) तपकिरी होते, आणि ऐकताना मोठे व्हायचे.

“तुला कसं माहीत एवढं?”

“आमच्या घरी आहे.”

“काय आहे?”

“शिसं. आमचं बॅटरीचं दुकान आहे. गाड्यांच्या बॅटऱ्या भरायचं, दुरुस्त करायचं. बॅटरीच्या आत सगळ्या शिशाच्याच प्लेटा असतात.” आणि मग उगीचच पुढे म्हणाली, “मी जन्मले त्या दिवशी दुकानात शॉर्टसर्किट झालं. म्हणून मला घरी ठिणगी म्हणतात.”

“घरीच?”

“सगळीकडेच.”

“बरोबर नाव ठेवलंय,” तो म्हणाला, आणि चकती खाली ठेवायच्या ऐवजी तिच्या हातात दिली. लाकडाची, करड्या रंगाची, हाताच्या उबेने कोमट झालेली...

वीस मिनिटांनी रेडिओ खांबाआडून लंगडत बाहेर आली. तिच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. “अगं, प्रश्न विचारायला सांगितला होता,” ती कुजबुजली, “मुलाखत नव्हे.”

गोगलगाय घरी पोचल्यावर हसली.

*

गेल्या वर्षीपर्यंत ही ठिणगी वर्गात हजेरी देतानाही पुटपुटायची. मग कधीतरी, कुणी न सांगता, तिने ठरवलं की घाबरायचंच असेल तर बोलून झाल्यावर घाबरायचं. बाहेर हे छान जमत होतं. शाळेत जमलं, शिसेरावापुढे जमलं. घरी जमत नव्हतं.

घरी ठरलेलं होतं. शाळेचं शेवटचं वर्ष संपत आलं होतं. सुट्टी लागली की तिने आत्याच्या गावी जायचं, तिथे ऑफिसच्या कामाचा क्लास लावायचा, पुढे तिथेच कॉलेज करायचं आणि पंख्याखाली बसून करायची अशी नोकरी धरायची. हे बाबांनी ठरवलं होतं आणि त्यात रागवण्यासारखं काहीच नव्हतं, हीच तर अडचण होती. बाबांचं सगळं आयुष्य त्या काळ्या प्लेटांमध्ये गेलं होतं. शिसं अंगात भिनतं, म्हणून दरवर्षी त्यांचं रक्त तपासायला जायचं, आणि रिपोर्ट येईपर्यंत आई कुणाशी धड बोलायची नाही. दुकान घराच्या पुढच्या अंगाला होतं आणि दुकानातून घरात यायच्या दारात नळ होता. त्या नळावर कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय घरातल्या कशालाही शिवायचं नाही, हा आईचा कायदा. दुकानातले कपडे वेगळे, चपला वेगळ्या.

“माझ्या मुलीचे हात स्वच्छ राहिले पाहिजेत,” बाबा म्हणायचे. “एवढ्यासाठीच केलं सगळं.”

आणि ठिणगीला तर तो धातूच आवडायचा. नुकता कापलेला, चांदीसारखा लखलखणारा आणि बघता बघता करडा होत जाणारा. हे बाबांना सांगायचं कसं? सांगितलं तर त्यांना वाटेल, आपलं इतक्या वर्षांचं सांभाळणं फुकट गेलं.

त्यातच पुढच्या शनिवारी संग्रहालयाच्या बाईंनी जाहीर केलं, की हंगामाचा अंतिम सामना दोन आठवड्यांनी. जो जिंकेल त्याला सुट्टीत चार आठवडे संग्रहालयाच्या धातुशाळेत काम शिकता येईल. धातुशाळा म्हणजे तळघराशेजारची ती काचेची खोली, जिथे जुनी नाणी, शिक्के, कड्या साफ करून टिकवायचं काम चालायचं. जागा एकच.

ठिणगीने काचेला नाक लावून ती खोली कितीदा पाहिली होती, ते तिचं तिलाच माहीत. आत हातमोजे घातलेली माणसं, टेबलावर धूर ओढून घेणारी मोठी नळी, भिंतीवर मुखवट्यांची रांग. ती जागा मिळाली, तर बाबांपुढे ठेवायला हातात काहीतरी असेल. नाही मिळाली, तर आत्याचं गाव.

“तुला हवीये ना ती जागा?” शिसेरावाने जिना उतरताना विचारलं.

“तुला नको?”

त्याची आई खाली तिकीट खिडकीवर बसायची. शाळा सुटल्यापासून खिडकी बंद होईपर्यंत तो याच इमारतीत वाढला होता.

“हवीये,” तो म्हणाला.

*

मधल्या आठवड्यात अवकाळी पाऊस रेंगाळला होता. धड पडतही नव्हता, थांबतही नव्हता. अशा एका चिकचिकीत संध्याकाळी तो दुकानात आला, हातात आईच्या स्कूटरची मेलेली बॅटरी घेऊन. शर्टाच्या बाह्या भिजलेल्या, केस कपाळाला चिकटलेले.

“हे... हे चालू होत नाही,” तो म्हणाला.

“स्कूटर की तू?”

त्याने बॅटरी तिच्यापुढे ठेवली. मागे बाबा एका ट्रकच्या बॅटरीवर वाकले होते. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही, पण त्यांचा पाना क्षणभर थांबला.

ठिणगीने मीटर लावला, मान हलवली. “गेली ही. नवीन घ्यावी लागेल. जुनी इथेच ठेव.”

“ठेवू म्हणजे? मी घेऊन जातो ना परत. टाकून देईन कुठेतरी.”

“वेडा आहेस का? जुनी परत आल्याशिवाय बाबा नवीन देतच नाहीत. कुणालाच नाही.”

“पण मेलेली बॅटरी घेऊन करता काय?”

“मेली ती बॅटरी. आतलं शिसं कुठे मेलंय? ते वितळवणाऱ्याकडे जातं, त्याची पुन्हा प्लेट होते, नवीन डब्यात बसते आणि आमच्याकडे परत येते. लाकूड जळून जातं, धान्य खाऊन संपतं. शिसं संपत नाही. ज्याने ‘परत दे’ म्हणायची सवय ठेवली, त्याच्याकडे ते येतच राहतं.” तिने जाड हातमोज्यांची जोडी त्याच्यापुढे टाकली. “हे घाल. आणि ते उचल.”

फळीवर बोटभर उंचीची एक करडी वीट होती. पेन्सिलच्या डब्याएवढी. तो सहज एका हाताने ती उचलायला गेला आणि वीट जागची हललीच नाही. मग दोन्ही हात लावले. उचलली, आणि तिच्या वजनाने पुढे झुकला... ठिणगीने खालून हात दिला. दोन जोड हातमोजे, मध्ये वीट, आणि विटेपलीकडे तो चेहरा, अगदी जवळ.

“बिचारं?” तिने हळूच विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “अजिबात नाही.”

“पोरांनो,” दारातून आईचा आवाज आला, “झालं असेल धातुप्रेम तर हात धुवा.”

मग दोघं त्या नळाशी उभे. हातमोजे घातले होते तरी कायदा म्हणजे कायदा. साबणाची वडी एकच. ती त्याच्या हातातून निसटली, तिने झेलली, तिच्या हातातून निसटली, ती थेट आईच्या पायाशी गेली.

“कोपरापर्यंत,” आई म्हणाली.

“हो काकू.”

“नखांतून.”

“हो काकू.”

“अजून एकदा.”

त्याने तिसऱ्यांदाही धुतले. शर्ट छातीपर्यंत भिजला. पाण्याच्या धारेखाली त्याचं बोट तिच्या बोटाला लागलं. लागलं आणि तिथेच राहिलं, एक... दोन... आणि आईने नळ बंद केला.

तो गेल्यावर आई भांडी पुसता पुसता म्हणाली, “ऐकतो बाई मुलगा.”

ठिणगी त्या दिवशी उगीचच दोनदा जेवली.

*

अंतिम सामन्याला दालन गच्च भरलं होतं. टेबलाशी हंगामभर एकही शनिवार न चुकवलेले चौघं. ठिणगी, शिसेराव, खांद्यावर कोट टाकून बसणारा मागच्या वर्षीचा विजेता, ज्याला सगळे सरदार म्हणायचे, आणि दुसऱ्या शाळेची दोन वेण्यांची एक मुलगी, जी एक शब्द बोलायची नाही पण पाहायची सगळं.

पिशवीत शिशाच्या चौदा चकत्या होत्या. प्रत्येकाला तीन-तीन वाटल्या, दोन पिशवीत राहिल्या.

सरदाराने आपल्या तिन्ही लगेच पुढे सरकवल्या. “तांब्याची एक द्या आणि हा कचरा न्या कुणीतरी.”

“मी नेते,” ठिणगी म्हणाली. वेण्यांच्या मुलीच्याही तिने तशाच घेतल्या. मग पिशवीतल्या दोन. तिचं तांबं संपत आलं. गर्दीत कुणीतरी खुसखुसलं.

शिसेरावाने तिच्याकडे पाहिलं. आणि आपल्या तीन चकत्या अलगद तिच्यापुढे सरकवल्या.

“घे. बदल्यात काही नको.”

ठिणगीच्या कानशिलांना चटका बसला. ती समजायचं ते समजली. हा हरायला निघाला होता. तिच्यासाठी, प्रेमाने, मोठ्या मनाने... आणि तिला कधी नव्हे इतका राग आला.

“शिसेराव,” ती पुटपुटली, फक्त त्यालाच ऐकू जाईल असं. “हे तोंडावर पहिल्यांदाच म्हणतेय, पण आम्ही तुला शिसेराव म्हणतो. आणि ऐक. मी बिचारी नाहीये. ठेव त्या परत. आणि तुला येतं तेवढं सगळं खेळ. नाहीतर आयुष्यात माझ्याशी बोलू नकोस.”

तो कानापर्यंत लाल झाला. चकत्या मागे घेतल्या. खुर्चीत सरळ बसला.

दुसऱ्या फेरीत ठिणगीने चिठ्ठ्या काढल्या. खेळात एक नियम होता, जो कुणी कधी वापरायचं नाही. देण्याघेण्याला कुठलीही अट घालता येते, फक्त ती चिठ्ठीवर लिहायची आणि दोघांनी ‘मान्य’ म्हणून सही करायची.

“लहान बांधकामांना शिसं लागेल, ते माझ्याकडून फुकट घ्या,” ती म्हणाली. “अट एकच. ते लहान पाडून मोठं बांधाल, तेव्हा जुनं शिसं पिशवीत नाही टाकायचं. मला परत.”

“फुकट?” सरदार हसला. “खेळायला आलीस की दानधर्माला? मान्य.” त्याने सही केली.

वेण्यांची मुलगी बराच वेळ पाहत राहिली आणि तिनेही केली.

शिसेरावाने चिठ्ठी हातात घेतली. वाचली. पुन्हा वाचली. मग त्याने मान वर केली आणि ते तपकिरी डोळे मोठे होत गेले. फळीवरची ती वीट, मेलेली बॅटरी, ‘जुनी परत आल्याशिवाय’... सगळं त्याच्या चेहऱ्यावर एकेक करून उमटताना तिला दिसलं.

त्याने पेन खाली ठेवलं.

“मी नाही सही करणार,” तो म्हणाला.

या वाक्याने एखाद्या मुलीला इतका आनंद होऊ शकतो, हे ठिणगीला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. आता खरा खेळ.

आणि तो खेळलाच. तिच्या दगडाची वाट त्याने अडवली. लाकूड झपाट्याने गोळा केलं. तिचं तिसरं मोठं बांधकाम होईस्तोवर त्याची चार उभी होती. रेडिओ नखं खात होती आणि खात असल्यामुळे गप्प होती. पण मधल्या फेऱ्यांत सगळेच लहान पाडून मोठं बांधू लागले, आणि प्रत्येक पाडापाडीला सरदाराची एक चकती, वेण्यांच्या मुलीची एक चकती, ठरल्याप्रमाणे, चिठ्ठीप्रमाणे, ठिणगीपुढे येऊन पडू लागली. शिसेरावाने चिठ्ठीवर सही केली नव्हती, त्यामुळे त्याचं जुनं शिसं पिशवीत गेलं. ते पिशवीत पडलं की ठिणगी उरलंसुरलं तांबं देऊन उचलायची. हळूहळू तिचंही चौथं बांधकाम उभं राहिलं.

शेवटचं, पाचवं बांधकाम होतं बंदर. त्याला दगड लागायचा, लाकूड लागायचं आणि एक शिसं.

सरदाराने पिशवीत हात घातला. घातला आणि तसाच ठेवला. “शिसं संपलं?”

“संपत नाही ते,” ठिणगी म्हणाली. “इथे आहे.”

दालनात कुजबुज उठली. सरदार आपल्या सहीकडे असा पाहत होता, जणू ती दुसऱ्या कुणी केली असावी.

आता परिस्थिती अशी की शिसेरावाकडे दगड होता, लाकूड ढीगभर होतं, शिसं नव्हतं. ठिणगीकडे दगड होता, शिसं ढीगभर होतं, लाकूड नव्हतं. एक चकती इकडे, एक चकती तिकडे, की दोघांचंही बंदर पुरं. पण ज्याची पाळी असेल, तो आधी बांधणार.

त्याची पाळी.

“एक लाकूड देतो,” तो म्हणाला. “एक शिसं.”

“नाही.”

“दोन लाकडं.”

“नाही.”

“सगळी लाकडं.”

“गोड बोललास. तरी नाही.”

लोक हसले. त्याची पाळी गेली. तिची आली.

“एक शिसं देते,” ती म्हणाली. “एक लाकूड.”

“नाही,” तो म्हणाला. नजर अजिबात न हलवता. ओठांच्या कोपऱ्यात मात्र काहीतरी हलत होतं.

“पाच शिसं.”

“मला शिसं फार आवडतं,” तो म्हणाला, “पण नाही.”

त्याने खरंच नाही म्हटलं होतं. आणि त्या ‘नाही’च्या मागे तो तिला पुरती, सबंध, तोडीची खेळाडू म्हणून पाहत होता. ठिणगीला वाटलं, हे असंच तासभर चालावं. पण ही पाळी फुकट घालवून चालणार नव्हती. तिने टेबलाच्या पलीकडे पाहिलं.

वेण्यांची मुलगी अख्ख्या सामन्यात पहिल्यांदाच बोलली.

“माझ्याकडे एक लाकूड आहे,” ती म्हणाली. “मला चौथ्या बांधकामाला शिसं हवंय. तुझ्याशिवाय कुणाकडे नाही.”

“एकाला एक?”

“एकाला एक. चिठ्ठी नको यावेळी.”

“नको,” ठिणगी हसली. चकती गेली, चकती आली. तिने दगड ठेवला, लाकूड ठेवलं, आणि त्यावर करड्या रंगाची ती एक चकती, सगळ्यांनी पहिल्या फेरीत झटकून टाकलेली.

बंदर उभं राहिलं.

मग नक्की काय झालं ते तिला नीट आठवत नाही. रेडिओने मारलेली किंकाळी आठवते. बाईंनी तिचा हात धरून वर केल्याचं आठवतं. आणि एवढ्या गोंगाटात सगळ्यात आधी टाळ्या वाजवायला कुणी सुरुवात केली, ते पक्कं आठवतं.

*

तो मागच्या जिन्यावर बसला होता. पाऊस उघडला होता, आणि उंच खिडकीतून आलेल्या उन्हात जिन्यातली धूळ सोन्यासारखी तरंगत होती. ठिणगी त्याच्या खाली, एक पायरी सोडून, बसली.

“वाईट वाटतंय?”

“वाटतंय,” तो म्हणाला. “मला ती खोली लहानपणापासून हवीये.”

“मग तू घे” असं तिने म्हटलं नाही. तसं म्हणायचं नसतं, हे आता दोघांनाही कळलं होतं. ती नुसती बसून राहिली.

“पुढच्या वर्षी मी जिंकेन,” तो म्हणाला.

“मी जिंकू देणार नाही.”

“देऊ नकोसच.”

“एक सांग. तुला चिठ्ठी कळली होती. बाकीच्यांना सावध का नाही केलंस? मी तेव्हाच संपले असते.”

“मी खेळलो ना जेवढं येतं तेवढं.”

“ते खेळलास. पण सांगितलं का नाहीस?”

तो चपलेने पायरीवर रेघोट्या ओढू लागला. “मला बघायचं होतं.”

“काय?”

“ते... कसं परत येतं ते. एकेक चकती. आणि तू... ती येत असताना तू जशी दिसतेस...” त्याने आणखी एक रेघोटी ओढली. “म्हणजे मला म्हणायचं होतं की...”

बोलून झाल्यावर घाबरायचं, ठिणगीने स्वतःला सांगितलं.

“मला तू आवडतोस,” ती म्हणाली. “खूप. तुला हरवल्यावर तर जास्तच.”

खाली कुणीतरी तिकीट खिडकीची फळी लावत होतं. शिसेरावाच्या चेहऱ्यावर एकाच वेळी इतकं काही आलं, की त्याला काय आधी दाखवावं तेच कळेना.

“हे वाक्य,” तो म्हणाला, “मी त्या नळापासून पाठ करतोय. नऊ दिवस. आणि तू माझ्याआधी...”

“माझी पाळी होती.”

तो हसला. मग तिने सोडलेली ती मधली पायरी उतरून तिच्याजवळ सरकला, हात पुढे केला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, “मान्य.”

तिने हात हातात घेतला. साबण नव्हता, हातमोजे नव्हते. कुणी नळ बंद करणारंही नव्हतं.

*

घरी पोचली तेव्हा बाबा दुकानात होते, आणि आई लांब नळीच्या भांड्याने एका बॅटरीत पाणी भरत होती. ठिणगी उंबऱ्यात थांबली.

“बाबा, पाना खाली ठेवा जरा. आई, तूही ऐक.”

“काय गं? पडलीस का कुठे?” आईने भांडं खाली ठेवलं.

“जिंकले.”

बाबांचा चेहरा उजळला. “अरे वा. मग? बक्षीस काय?”

“सोमवारपासून चार आठवडे मी संग्रहालयाच्या धातुशाळेत जाणार आहे. आत्याकडे जाणार नाही. आत्याला फोन मी करेन.”

बाबांनी आपल्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडांना कितीही घासलं तरी न जाणारी ती काळी रेघ.

“धातू,” ते हळू आवाजात म्हणाले. “म्हणजे हेच. ज्यातून तुला बाहेर काढायला मी...”

“हेच. पण असं नाही, बाबा.” तिने जाऊन त्यांचा हात धरला, काळ्या रेघेसकट. “तिथे टेबलावर नळी असते, सगळा धूर ओढून घेणारी. मुखवटे असतात. शिसं न बाधता शिसं कसं हाताळायचं, ते तिथे शिकवतात. तुम्हाला कुणी शिकवलंच नाही. मी शिकणार. मग धातूंचंच कॉलेज करणार. आणि पहिलं काम काय करणार माहितीये? ही खोली. इथे तशीच नळी बसवणार, म्हणजे रिपोर्टची वाट बघत आईला गप्प बसावं लागणार नाही.”

आईने पदराने नाही, हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसले, आणि लगेच पाठ फिरवली.

बाबा तिच्याकडे पाहत राहिले. जणू ही इतकी मोठी कधी झाली, ते आठवत होते. मग घसा खाकरला.

“हे ठरलं म्हणायचं?”

“ठरलं.”

“आणखी काही ठरवलंयस?”

“हो,” ठिणगी म्हणाली. “त्या दिवशी स्कूटरची बॅटरी घेऊन आलेला मुलगा मला आवडतो, आणि त्यालाही मी. उद्या संध्याकाळी मी त्याला आपल्याकडे बोलावलंय. तुम्ही दोघांनी त्याला बसवून नीट चहा द्यायचा आहे.”